गॅस गीझर पेटतो आणि पाचव्या सेकंदाला विझतो, तेही फक्त सकाळी (मांद्रे, गोवा)

मांद्रेकर (धागाकर्ता), ३ जुलै, सकाळी ९.४०

मंडळी, डोक्याला शॅम्पू आणि अंगावर थंड पाणी अशा अवस्थेत हा धागा सुचला आहे, तेव्हा भाषेत कुठे तिखटपणा आला तर समजून घ्या.

घर मांद्र्याला, समुद्र चालत दहा मिनिटांवर. गीझर ६ लिटरचा, गॅसचा, तीन वर्षं झाली. न्हाणीच्या आत नाही, मागच्या पडवीत न्हाणीच्या भिंतीला बाहेरून लावलाय. सिलिंडर साधा घरगुती, १४.२ किलोचा, तोही मागीलदारीच.

नळ सोडला की चटचटचट आवाज येतो, भप्प करून पेटतो, काचेतून छान निळी ज्योत दिसते. मी मोजतो: एक, दोन, तीन, चार, आणि पाचला आतून 'टक'. विझला. नळ बंद करून पुन्हा सोडला की पुन्हा तेच. चौथ्या-पाचव्या खेपेला मात्र पेटतो तो पेटतोच, मग दोघांच्या आंघोळी होईपर्यंत हूं की चूं नाही. संध्याकाळी तर पहिल्याच दमात पेटतो. एप्रिल-मेमध्ये यातलं काही नव्हतं.

सेल दोनदा बदलले. मेकॅनिक आणला, त्याने 'सर्किट गेलंय' म्हणून काळा डबा बदलला आणि १४०० रुपये घेतले. दोन दिवस बरा चालला, तिसऱ्या दिवशी पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. आता तो फोन उचलत नाही.

आई रोज सकाळी एकच वाक्य म्हणते, भाण (चुलीवर आंघोळीचं पाणी तापवायचं मोठं भांडं) होतं ते काय वाईट होतं.

पात्रांव, ३ जुलै, सकाळी ९.५२

सेल बदल.

मांद्रेकर, ३ जुलै, सकाळी ९.५५

दोनदा बदललेत हो. वर लिहिलंय.

पात्रांव, ३ जुलै, सकाळी १०.०१

कुठले? सगळे सेल सारखे नसतात मरे. घड्याळात चालणारा सेल गीझरमध्ये चालेलच असं नाही. अल्कलाइन घाल, टॉर्चमधले ते जाडे. पावसाळ्यात आमच्याकडे साधे सेल दीड-दोन महिन्यांत रडायला लागतात.

डिचोलीकर, ३ जुलै, सकाळी १०.३०

माझा अनुभव वेगळा आहे पण सांगतो, कुणाच्या तरी उपयोगी पडेल. आमच्याकडे दोन गीझर, एकाच कंपनीचे, एकाच दिवशी घेतलेले. खालचा नळ सोडताच पेटायचा, वरचा ढिम्म. चटचटसुद्धा नाही. तीन मेकॅनिक झाले. शेवटी टाकीचा प्लंबर आला, त्याने वर बघितलं, खाली बघितलं आणि म्हणाला, बाब, तुमच्या टाकीचा तळ आणि वरच्या न्हाणीचा नळ यांत माझ्या उंचीएवढंसुद्धा अंतर नाही.

हिशेब सोपा आहे. पाण्याची १० मीटर उंची म्हणजे साधारण १ बार दाब. आमच्या गीझरच्या लेबलवर किमान ०.०२५ मेगापास्कल लिहिलंय, म्हणजे पाव बार, म्हणजे अडीच मीटर उंची हवी. आमच्याकडे जेमतेम दीड मीटर. खालच्या मजल्याला आणखी तीन मीटर आयते मिळतात म्हणून तो चालतो. शेवटी टाकीखाली लोखंडी स्टँड केलं. तोवर त्या गीझरला आम्ही उगाच शिव्या घातल्या.

मांद्रेकर, ३ जुलै, सकाळी १०.४४

माझं घर एकमजली, टाकी स्लॅबवर उंच. दाब ठीक असावा, नाहीतर पेटलाच नसता ना?

जुनाबर्नर, ३ जुलै, दुपारी १.१५

बरोबर. दाब कमी असता तर चटचटच झाली नसती.

थोडं सविस्तर लिहितो. माझी पस्तीस वर्षं बर्नरांत गेली: आधी हॉटेलांचे, मग पोदेरांच्या (पाववाल्यांच्या) गॅस भट्ट्या, शेवटी घरगुती. आता निवृत्त. गीझर बिघडला की लोक लगेच उघडून बघायला जातात. मी आधी कान लावतो. आत काय घडतंय ते तो क्रमाने बोलून दाखवतो.

नळ सोडला की पाणी आतल्या रबरी पडद्याला, डायफ्रामला, ढकलतं. डायफ्राम एक पिन सरकवतो. ती पिन गॅसचा रस्ता यांत्रिकपणे उघडते आणि त्याच वेळी मायक्रोस्विचही दाबला जातो. स्विच दाबला की दोन सेलचे ३ व्होल्ट मॉड्यूलला, म्हणजे तुमच्या त्या काळ्या डब्याला, मिळतात. डबा त्यातून हजारो व्होल्ट तयार करून बर्नरवर ठिणगी पाडतो, ती तुमची चटचट. त्याच क्षणी तो सोलेनॉइड उघडतो, म्हणजे गॅसचा दुसरा, विजेवरचा दरवाजा. गॅस येतो, पेटतो.

इथून पुढे तुमची गोष्ट सुरू होते. बर्नरवर ठिणगीच्या पिनांशिवाय आणखी एक पिन असते. तिचं काम ठिणगी पाडणं नव्हे, ज्योत आहे की नाही हे ओळखणं. ज्योतीतून वीज वाहते, अगदी इवलीशी, मायक्रोअँपिअरमध्ये मोजण्याइतकी. पिनेतून निघून ज्योतीतून बर्नरच्या अंगाला. एवढी वीज डब्याला जाणवली की तो म्हणतो, पेटलंय, आता ठिणगी बंद आणि सोलेनॉइड उघडा ठेवा. काही सेकंदांत जाणवली नाही तर तो समजतो की कच्चा गॅस बाहेर पडतोय, आणि 'टक' करून दरवाजा लावून घेतो. म्हणजे तो 'टक' बिघाडाचा नाही. डबा त्याचं काम चोख करतोय.

एक प्रश्न, आणि याचं उत्तर नीट ऐकून द्या: ज्योत पेटल्यावर चटचट थांबते का, की पाचव्या सेकंदापर्यंत चालूच राहते?

सत्तरीची_सून, ३ जुलै, दुपारी २.०५

वाचनखूण साठवली. इतकं नीट आमच्या मेकॅनिकने कधी सांगितलं नाही. तो नुसता 'किट गेलं ताई' म्हणतो.

मांद्रेकर, ४ जुलै, सकाळी ७.०८

आज मुद्दाम काचेला नाक लावून ऐकलं. चटचट चालूच राहते! ज्योत व्यवस्थित निळी, तरी ठिणगी पडतेच आहे, आणि मग टक. ज्या खेपेला ज्योत टिकते त्या खेपेला मात्र चटचट ज्योतीबरोबर लगेच थांबते. तीन वर्षांत हे कधी लक्षातच आलं नव्हतं.

जुनाबर्नर, ४ जुलै, सकाळी ८.३०

झालं तर मग. ज्योत आहे, पण डब्याला ती दिसत नाही. चटचट थांबून नंतर विझला असता तर मी सोलेनॉइडच्या किंवा जास्त तापल्यावर बंद करणाऱ्या सेन्सरच्या मागे लागलो असतो. आता चार जागा उरल्या: ज्योत ओळखणारी पिन, तिची वायर, डबा, आणि सेल. डबा नवा आहे. सेलचा संशय पात्रांवांच्या समाधानासाठी एकदाचा मिटवून टाकू. मल्टिमीटर आहे का? सेलच्या पेटीवर नको, डब्याच्या प्लगपाशी मोजा, आणि चटचट चालू असताना मोजा. नुसत्या सेलवर ३ व्होल्ट दिसले म्हणून खूश होऊ नका. पेटीतल्या स्प्रिंगवर हिरवा थर असेल तर सेल नवा असूनही काम पडलं की व्होल्टेज खाली बसतं.

आणि हवामान कसं होतं ते सांगा. मेकॅनिक येऊन गेला त्यानंतरचे दोन दिवस.

पात्रांव, ४ जुलै, सकाळी ८.४१

समाधानाबद्दल आभारी आहे.

मांद्रेकर, ४ जुलै, संध्याकाळी ६.२०

शेजारच्या इलेक्ट्रिशियन मुलाकडून मीटर आणला. नळ बंद असताना ३.१, चटचट चालू असताना २.८. स्प्रिंगवर थोडं हिरवं होतं, ते घासून काढलं.

हवामानाचं विचारलंत म्हणून बायकोला विचारलं. ती म्हणाली, ते दोन दिवस पावसाने उघडीप दिली होती, आपण गोधड्या वाळत घातल्या होत्या. म्हणजे १४०० रुपये उन्हाला दिले की काय मी?

जुनाबर्नर, ४ जुलै, संध्याकाळी ७.००

२.८ उत्तम आहे. अडीचच्या खाली गेलं असतं तर सेल किंवा पेटी. सेल निर्दोष सुटले.

उरली पिन आणि वायर. काच काढता येत असेल तर पुढचं झाकण काढून बर्नरचा एक फोटो टाका. पिना ज्या पांढऱ्या चिनीमातीच्या नळीत बसवलेल्या असतात तो भाग नीट दिसू द्या. आधी रेग्युलेटर बंद, सेल बाहेर. ते हजारो व्होल्ट जीव घेत नाहीत, पण दचकून हात पत्र्यावर आपटला की रक्त निघतं.

सत्तरीची_सून, ४ जुलै, रात्री ९.३०

फोटो येईपर्यंत आमची गोष्ट ऐका. आमच्या वाळपईच्या घरी गीझर पेटायला उशीर करायचा. चटचट चटचट, काही नाही, काही नाही, आणि मग धडाम! पुढच्या काचेला हादरा बसायचा. सासरे म्हणायचे, गणपतीचे फटाके लवकर सुरू झाले. एक दिवस त्यांच्याच भुवया होरपळल्या तेव्हा विनोद संपला.

उघडल्यावर काय निघालं? कुंभारमाशीचं मातीचं घरटं. बर्नरच्या ज्या तोंडातून हवा आत जाते तिथेच तिने लाल मातीची मस्त खोली बांधली होती, आत कोळीही भरून ठेवले होते पिल्लांसाठी. एका बाजूची ज्योत धड नव्हती, गॅस साठायचा आणि एकदम पेट घ्यायचा. आता महिनाभर गावाला जायचं असेल तर परत आल्यावर आधी टॉर्च मारून बघतो.

जुनाबर्नर, ४ जुलै, रात्री ९.५०

धडाम होणारा गीझर एक दिवसही वापरू नये. घरटं, पालीची अंडी, ठिणगीच्या पिनेचं अंतर वाढलेलं, ठिणगी दुबळी, कारण काहीही असो. ती पिन बर्नरपासून साधारण ४ मिलिमीटरवर असायला हवी. लांब गेली की ठिणगी कधी पडते, कधी नाही, आणि तोवर गॅस येतच असतो.

खाजनकाठी, ५ जुलै, सकाळी ७.१५

अवांतर विचारू का? आमच्या कॉलनीत पाइपचा गॅस आला. जुना सिलिंडरवरचा गीझर त्यालाच जोडून घ्यावा म्हणतोय. चालेल?

जुनाबर्नर, ५ जुलै, सकाळी ७.४०

नाही. पाइपचा गॅस म्हणजे मुख्यतः मिथेन. सिलिंडरमधला प्रोपेन-ब्युटेन. तेवढ्याच आकारमानाच्या मिथेनमध्ये निम्म्याहूनही कमी ऊर्जा असते, म्हणून त्याच्या जेटची, म्हणजे बर्नरमध्ये गॅस सोडणाऱ्या तोटीची, भोकं मोठी असतात. तुमच्या जेटवर ज्योत मरतुकडी येईल आणि पाणी कोमट. उलटं केलं, म्हणजे पाइपच्या गॅसचा गीझर सिलिंडरवर लावला, तर ज्योत झाकणाबाहेर येईल. कंपनीच्या माणसाकडून रूपांतर होतं का विचारा, नाहीतर नवा घ्या. जेट घरी कोरून मोठं करणाऱ्यांना मी हात जोडतो.

फोंड्याची_ताई, ५ जुलै, सकाळी ११.१०

मी बरेच दिवस वाचतेय, आज लिहिते. आमचा गीझर पेटतो, विझत नाही. पण आठवडाभर ज्योत आधी निळी आणि चार-पाच मिनिटांनी पिवळी होते. पेटण्याचा काही दोष असेल का? तो फ्लॅटच्या न्हाणीतच आहे. वर छोटी खिडकी आहे पण पावसाची झड येते म्हणून लावून घेतो. हे आंघोळ करून आले की डोकं दुखतं म्हणतात, मला वाटलं सर्दी.

जुनाबर्नर, ५ जुलै, सकाळी ११.१४

ताई, हा प्रतिसाद वाचल्या वाचल्या गीझरचा गॅस बंद करा. आत्ता. बाकीचं नंतर लिहितो.

जुनाबर्नर, ५ जुलै, सकाळी ११.४५

आता सांगतो. पेटण्यात दोष नाही. खोलीतली हवा संपतेय.

६ लिटरचा गीझर पूर्ण चालला तर तासाला पाऊण ते एक किलो गॅस जाळतो. एक किलो गॅस नीट जळायला बारा-तेरा घनमीटर हवा लागते. तुमची न्हाणी ५ बाय ७ फूट, ८ फूट उंच धरली तर सगळी मिळून आठ घनमीटर. दहा मिनिटांच्या आंघोळीत त्यातल्या जवळपास पावभर हवेतला प्राणवायू जळून जातो. २१ टक्क्यांचा १६-१७ वर येतो. तोवर ज्योत पिवळी पडलेली असते, आणि अर्धवट जळलेल्या गॅसचा कार्बन मोनॉक्साइड होतो. त्याला ना वास, ना रंग. गॅस गळला तर कळावं म्हणून सिलिंडरमध्ये वास मिसळलेला असतो, पण तो वास जळून जातो. हा मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो. आधी डोकं दुखतं, मग मळमळ, मग पायातलं बळ जातं. माणसाला दार उघडावंसं वाटतं आणि हात उचलत नाही. आतून कडी असते.

यजमानांना आजच डॉक्टरांकडे न्या आणि 'बंद न्हाणीत गॅस गीझर' हे शब्द सांगा. न सांगितल्यास सर्दीच्या गोळ्या मिळतील.

शांताराम_भाट, ५ जुलै, दुपारी १२.३०

उगाच घाबरवू नका लोकांना. आमच्याकडे न्हाणीतच आहे, दहा वर्षं. काही झालं नाही.

डिचोलीकर, ५ जुलै, दुपारी १२.४२

तुमच्या न्हाणीला खिडकी किती मोठी? आणि दाराखाली फट किती?

शांताराम_भाट, ५ जुलै, दुपारी १.०५

जुनं घर आहे. वर मंगलोरी कौलं, मध्ये छत नाही.

डिचोलीकर, ५ जुलै, दुपारी १.०७

मग तुमची न्हाणी म्हणजे अर्धं अंगणच झालं. ताईंचा फ्लॅट आहे.

फोंड्याची_ताई, ५ जुलै, रात्री ८.२०

डॉक्टरांकडे जाऊन आलो. रक्त तपासायला दिलंय. ह्यांना बरं वाटतंय. गीझर काढून बाहेरच्या बाल्कनीत बसवायला माणूस उद्या येतोय, गरम पाण्याची तेवढी पाइप लांबवायची. तोवर चुलीवर... म्हणजे शेगडीवर पातेलं. सगळ्यांचे आभार, विशेष करून काकांचे. पहिल्या ओळीने माझे हात थरथरले होते.

मांद्रेकर, ६ जुलै, सकाळी १०.००

ताई, तुमचं वाचून माझा शॅम्पू मला अगदीच किरकोळ वाटायला लागला.

फोटो टाकलाय. एका पिनेच्या पांढऱ्या नळीवर, बुडाशी, पांढुरका थर आहे. बोट लावलं, जिभेला लावलं (बायकोचा ओरडा खाल्ला), चक्क खारट.

खाजनकाठी, ६ जुलै, सकाळी १०.२०

मग तुमचं कोडं सुटलं! शाळेत रसायनशास्त्र शिकवतो म्हणून सांगतो: हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांवर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच त्यात विरघळतं. स्वयंपाकघरातली मिठाची बरणी बघा, जूनपासून तांदळाचे दाणे घालावे लागतात की नाही? इथल्या पावसाळी पहाटे आर्द्रता नव्वदच्या पुढे असते. तो थर म्हणजे खाऱ्या पाण्याची ओली फीत, आणि खारं पाणी वीज नेतं.

जुनाबर्नर, ६ जुलै, सकाळी १०.५५

मास्तर, अगदी माझ्या तोंडातलं काढलंत. ज्योतीतून यायची ती मायक्रोअँपिअरची वीज त्या ओल्या थरावरून परस्पर पत्र्यात पळते. डब्याला काही पोचत नाही. चार वेळा पाच-पाच सेकंद ज्योत मिळाली की नळी तापून कोरडी होते, पाचव्या खेपेला गीझर टिकतो. संध्याकाळपर्यंत ती कोरडीच असते. मे महिन्यात मीठ होतंच, पण सुकं.

सोलेनॉइड आणि जेटकडचा एकही स्क्रू सोडू नका, ते काम तुमचं नाही. पिन मात्र एका स्क्रूवर असते. ती काढा. चिनीमाती आधी ओल्या फडक्याने पुसा, मीठ पाण्यानेच जातं, मग स्पिरिटने पुसून वाळवा. धातूचं टोक काळं असेल तर बारीक पॉलिश पेपरने हलकं घासा. बसवताना टोक ज्योतीच्या आत राहील असं बघा, पत्र्याला टेकता कामा नये.

आता दुसरं. तुमच्या फोटोत उजवीकडे, तांब्याच्या गुंडाळीपाशी, निळी टेप दिसते. ती काय आहे?

पात्रांव, ६ जुलै, सकाळी ११.०२

गंज सोडवायचा स्प्रे मार पिनेवर. सगळ्यावर चालतो.

जुनाबर्नर, ६ जुलै, सकाळी ११.०५

ज्योतीशेजारी तेलाचा स्प्रे? पात्रांव, तुम्ही सेलवरच राहा.

मांद्रेकर, ६ जुलै, दुपारी ४.३०

पिन साफ केली. निळ्या टेपचं माहीत नाही. दोन वायर एकमेकींना पिळून वर टेप मारली आहे. बाजूला एक बटणाएवढा गोल तुकडा नुसता लोंबतोय, त्याला काहीच जोडलेलं नाही.

जुनाबर्नर, ६ जुलै, दुपारी ४.४०

हाच मला संशय होता. तो गोल तुकडा म्हणजे जास्त तापल्यावर सोलेनॉइड बंद करणारा सेन्सर. मेकॅनिकने तो वगळून वायरी थेट जोडल्या. त्याला वाटलं असेल, यामुळेच विझतोय. तेवढ्याने थांबला नाही म्हणून डबा बदलला, आणि जाताना टेप तशीच ठेवून गेला. आता पाण्याची पिन अडकून नळ बंद झाल्यावरही गॅस चालू राहिला, तर थांबवायला काही नाही. आत कोंडलेलं पाणी उकळून तांब्याची नळी फुटू शकते. तो सेन्सर पुन्हा जोडल्याशिवाय उद्या आंघोळ नको.

सत्तरीची_सून, ६ जुलै, दुपारी ४.५८

बाई गं. मी आत्ताच उठून आमच्या गीझरची टेप शोधून आले. नाही सापडली.

मांद्रेकर, ७ जुलै, सकाळी ६.४५

इलेक्ट्रिशियन मुलाकडून सेन्सर जोडून घेतला. आज पहिल्या झटक्यात पेटला. चटचट दोनदा, आणि शांत!

मांद्रेकर, १० जुलै, सकाळी ७.०२

शांत म्हणालो ते मागे घेतो. रात्रभर पश्चिमेकडून झड होती, पडवी अर्धी भिजली. आज पुन्हा तीन खेपा. पिन काढून बघितली तर मीठ नाही, पांढरी स्वच्छ.

जुनाबर्नर, १० जुलै, सकाळी ८.१५

खिडकीच्या उजेडात धरा, नळी फिरवत फिरवत बघा. केसाएवढी काळी रेघ दिसते का?

मांद्रेकर, १० जुलै, सकाळी ८.३५

दिसते!! बुडापासून अर्ध्या वाटेपर्यंत. आधी मला ती काजळी वाटली होती.

जुनाबर्नर, १० जुलै, सकाळी ८.४०

चीर. आत काजळी आणि ओल शिरते, पुसून जात नाही. पिनांचा जोड बदलून टाका, महाग नसतो. जुनी पिन नमुन्याला न्या, लांबी आणि वाक तंतोतंत तसाच हवा. आणि झडीसाठी काहीतरी करा. गीझर बंदिस्त कपाटात घालू नका, त्यालाही श्वास लागतो. पश्चिमेच्या बाजूला आडवा पत्रा लावा, वर आणि खाली मोकळं सोडा.

काम झाल्यावर सगळ्या सांध्यांना साबणाचा फेस लावून बुडबुडे येतात का पाहा. काडी पेटवून कधीच नाही. वास आलाच तर दिव्याच्या बटणाला हात न लावता रेग्युलेटर बंद, दारं उघडी, आणि बाहेर येऊन १९०६ ला फोन. तो गॅसच्या तातडीसाठीचा नंबर आहे.

फोंड्याची_ताई, ११ जुलै, सकाळी १०.३०

आमचा बाल्कनीत बसला. ज्योत शेवटपर्यंत निळी. ह्यांचं डोकं चार दिवस दुखलेलं नाही. सासूबाई म्हणतात बाल्कनीतलं तुळशीचं वृंदावन हलवावं लागलं, पण चालेल.

मांद्रेकर, १४ जुलै, सकाळी ६.३०

म्हापशाला शुक्रवारच्या बाजाराला गेलो होतो, तिथे स्पेअरच्या दुकानात पिना मिळाल्या, १८० रुपये. शनिवारी बसवल्या, पत्राही ठोकला. सकाळपासून बाहेर असा पाऊस की माड दिसत नाहीत. नळ सोडला, चट, चट, भप्प. संपलं. दहा मिनिटं मुद्दाम चालू ठेवला.

जुनाबर्नर काका, देव बरें करूं. म्हापशाला असाल तर सांगा, चहा-भजी माझ्याकडून.

आईला म्हटलं, आता पाणी लगेच तापतं, भाणाखाली कशाला पेटवतेस? ती म्हणाली, पेटलंय ते विझेल म्हणून. आणि सोडणं (नारळाची सालं) चुलीत सारली. आत्ता मागीलदारी गीझर आणि भाण, दोन्ही चालू आहेत.

पात्रांव, १४ जुलै, सकाळी ६.४१

बरं, पण शेवटी सेल कुठले घातलेस?